पंच आणि फांसा

ज्या घरांत चौदा-पंधरा वर्षांचें मूल व एक संगणक आहे, त्या घरांत पुढील संभाषण केव्हांना केव्हां तरी होतेंच. वडील विचारतात, "दोन तास झाले, अजून तेंच चाललें आहे?" मूल पडद्यावरची नजर न काढतां उत्तर देतें, "बाबा, आतां उठलों तर सगळेच मरतील." हे 'सगळे' कोण, ते कोठें आहेत, आणि त्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्या चिरंजिवांवर कशी येऊन पडली, हें वडिलांस कळत नाहीं; आणि तें समजावून सांगण्याइतकी सवड चिरंजिवांस नसते. संभाषण बहुधा येथेंच तुटतें.

ज्या खेळांपायीं हें घडतें त्यांस इंग्रजींत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. खेळणारानें एखाद्या कल्पित राज्यांतील योद्ध्याचें, मांत्रिकाचें किंवा चोराचें सोंग घ्यावयाचें, भुयारांत शिरावयाचें, राक्षसांशीं झुंजावयाचें, आणि आपल्या सोंगाचें बळ वाढवीत पुढें जावयाचें, असें त्यांचें सामान्य स्वरूप आहे. या लेखांत आम्ही त्यांस 'सोंगाचे खेळ' म्हणूं. यांविषयीं सुशिक्षित कुटुंबांत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, हा निव्वळ कालापव्यय होय. दुसरा म्हणतो, यानें बुद्धि तल्लख होते. आमच्या मतें दोन्ही पक्ष निकाल देण्याची घाई करितात. कोणत्याहि खेळाची किंमत ठरवावयाची तर आधीं दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत: या खेळांत शाबासकी कशास मिळते, आणि ती देणारा कोण? खेळणारा जे डावपेंच शिकतो ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांबरहुकूम शिकतो. या खेळांचा सुमारें दोनशें वर्षांचा इतिहास या म्हणण्यास साक्ष देतो, आणि तोच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच घरच्या पटापासून करावा लागतो. हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें निरनिराळ्या मोहऱ्यांस वांटून देणारा चतुरंगाचा खेळ हिंदुस्थानांतून इराणांत गेला, तेथून अरबांकडे आणि त्यांच्याकडून युरोपांत. प्रत्येक मोहऱ्याची चाल निराळी, प्रत्येकाचें सामर्थ्य निराळें, आणि एकटा मोहरा दुबळा, ही कल्पना त्या खेळानें जगभर नेली. सन १७८० मध्यें जर्मनींतील ब्रन्स्विक येथें हेलविग नांवाच्या गणितज्ञानें बुद्धिबळावरूनच एक नवा युद्धखेळ रचला. त्यानें चौसष्ट घरांचा पट वाढवून दीड हजारांहून अधिक घरांचा केला, जमिनीचे निरनिराळे प्रकार घरांच्या रंगांनीं दाखविले, व मोहऱ्यांच्या जागीं पायदळ, घोडदळ व तोफखाना आणिला. तरी पण या खेळाचा स्वभाव अजून बुद्धिबळाचाच होता.

खरा पालट १८२४ सालीं झाला. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें आपल्या वडिलांनीं आरंभिलेला एक खेळ सुधारून 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळ, या नांवानें प्रसिद्ध केला. त्यांत घरांचा पट गेला व त्याच्या जागीं १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. दोन्ही पक्षांनीं आपले हुकूम द्यावयाचे ते एका तिसऱ्या माणसाजवळ. पलटणी हलवावयाच्या त्यानें. शत्रु दृष्टीच्या टप्प्यांत आला कीं नाहीं तें ठरवावयाचें त्यानें. आणि गोळीबारांत किती माणसें पडलीं तें फांसे टाकून व कोष्टकें पाहून सांगावयाचें, तेंहि त्यानेंच. हा तिसरा माणूस म्हणजे पंच. बुद्धिबळाच्या पटाशीं दोनच माणसें बसतात. येथें तिसरा येऊन बसला. सोंगाच्या खेळांचा पुढील सारा इतिहास हा या तिसऱ्या माणसाचा इतिहास आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पंचापाशीं निकालाचीं दोन साधनें होतीं. एक, कोष्टकें व फांसा. दुसरें, त्याचें स्वतःचें डोकें. यांतील श्रेष्ठ कोणतें, हा वाद लवकरच उभा राहिला. कोष्टकांच्या जंजाळामुळें खेळ मंद चालतो व शिकण्यास अवघड जातो, अशी तक्रार होतीच. १८७६ सालीं व्हेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें असें प्रतिपादन केलें कीं, कोष्टकें व फांसे बाजूस ठेवावे आणि अनुभवी पंचानें आपल्या समजुतीनें निकाल द्यावा. या रीतीस 'मुक्त' युद्धखेळ म्हणूं लागले व जुन्या रीतीस 'कडक'. दोहोंच्याहि बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. फांसा कोणाचा मेहुणा नसतो. तो सेनापतीच्या मुलास व शिपायाच्या मुलास सारखाच पडतो. परंतु जें कोष्टकांत लिहिलेलें नाहीं तें फांशास दिसत नाहीं. पंचास तें दिसतें. कोणी अगदीं नवी युक्ति काढली तर तिचें मोल तो जाणूं शकतो. परंतु पंच हा माणूस आहे. त्यास राग आहे, लोभ आहे, आणि रात्र फार झाली म्हणजे झोंपहि आहे. कायदा व न्यायाधीश यांच्यामध्यें जो जुना तंटा आहे तोच येथें खेळाच्या रूपानें अवतरला होता.

पुढें हा खेळ सैन्याच्या कचेरींतून दिवाणखान्यांत उतरला. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' नांवाचें पुस्तक लिहून खेळण्यांतल्या शिपायांनीं लढाया कशा खेळाव्या याचे नियम घालून दिले. परंतु वेल्सच्या खेळांतहि खेळणारा हा सेनापतीच होता. तो सैन्य हलवी, स्वतः सैन्यांत नसे. सेनापतीस खालीं उतरवून एकाच देहांत कोंडण्याची कल्पना अमेरिकेंत निघाली. १९६९ सालीं मिनेसोटा संस्थानांत डेव्हिड वेझली नांवाच्या गृहस्थानें आपल्या मित्रांसाठीं एक युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळांतील ब्राउनस्टाइन नांवाचें एक कल्पित जर्मन गांव. दोन्ही बाजूंनीं सैन्यें येत आहेत. आणि गांवांतील नगराध्यक्ष, विद्यापीठाचा प्रमुख अशा एकेका व्यक्तीचें सोंग एकेका गड्यास दिलेलें. लढाई सुरू होण्यापूर्वींच गडी आपापसांत कुजबुजूं लागले, गुप्त करार करूं लागले, एकमेकांस फसवूं लागले. सैन्यें बाजूसच राहिलीं. वेझलीस वाटलें, आपला खेळ साफ फसला. पण मित्रांनीं त्यास सोडलें नाहीं. असा खेळ पुन्हां मांड, असा आग्रह धरिला.

त्या मित्रांपैकीं डेव्ह आर्न्सन यानें 'ब्लॅकमूर' नांवाचें कल्पित राज्य रचून गड्यांस किल्ल्याखालच्या भुयारांत उतरविलें. तिकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स यानें जेफ पेरेन याच्यासह १९७१ सालीं 'चेनमेल' नांवाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापिले होते, व त्यांस जादू आणि राक्षस यांची पुरवणी जोडिली होती. या दोन प्रवाहांचा संगम होऊन जानेवारी १९७४ मध्यें तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ति अवघ्या हजार प्रतींची होती. आज जगांत जितके सोंगाचे खेळ आहेत त्या बहुतेकांचा मूळपुरुष हाच.

या खेळाच्या रचनेंतील दोन गोष्टी वाचकांनीं नीट ध्यानांत घ्याव्या, कारण पुढील सर्व डावपेंच त्यांतून निघाले आहेत. पहिली गोष्ट पेशांची वांटणी. मूळ पुस्तिकांत पेशे तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. योद्धा बळकट, पण मंत्र त्यास येत नाहीं. मांत्रिकाजवळ भयंकर विद्या, पण चिलखत नाहीं. आरंभीं तर एका दिवसांत त्याचा एकच मंत्र चाले, आणि तो संपला म्हणजे बिचारा मागें उभा राहून दिवा धरण्याच्याच कामाचा. धर्मोपदेशक दोहोंमधला, तो जखमा बऱ्या करी व भुतांस पळवून लावी. चौथा पेशा चोराचा, तो १९७५ च्या पुरवणींत आला. कोणीहि स्वयंपूर्ण नाहीं. म्हणून कोणीहि एकटा जात नाहीं. चतुरंगांतील मोहऱ्यांची उणीव येथें माणसांस वांटली गेली, एवढेंच.

दुसरी गोष्ट अनुभवाचे गुण. ते ज्या मानानें सांठत त्या मानानें सोंगाचें बळ वाढे. आणि हे गुण मुख्यतः मिळत कशाचे? राक्षस मारल्याचे थोडे. भुयारांतून सोनें सुखरूप बाहेर आणल्याचे पुष्कळ. या एका नियमानें त्या काळच्या खेळणाऱ्यांची सारी रीति घडविली. लढाई ही फायद्याची गोष्ट नव्हे, लढाई म्हणजे हिशोबांतील तूट, हें त्यांस लवकरच उमगलें. मग ते राक्षस झोंपण्याची वाट पाहूं लागले, त्याच्याशीं तह करूं लागले, दोन राक्षसांत भांडण लावून मधल्यामध्यें पेटी पळवूं लागले. पळतांना मागें अन्न टाकलें तर हिंस्र पशु, व धन टाकलें तर लोभी शत्रु, थांबण्याचा संभव असतो, असें मूळ पुस्तिकेंतच सांगितलें होतें. सामानाच्या यादींत तरवारी व चिलखतें होतींच, पण दहा फूट लांबीची एक साधी कांठीहि होती. आणि जुने खेळाडू तरवारीपेक्षां या कांठीचें कौतुक अधिक करितात. पुढची जमीन कांठीनें ठोकून पाहिल्याखेरीज पाऊल टाकावयाचें नाहीं, हा त्यांचा कुळाचार होता.

कांठीनें ठोकलेल्या जमिनीचा आवाज पोकळ येतो कीं भरीव, याचें उत्तर मात्र कोणत्याहि कोष्टकांत नव्हतें. तें पंचानें द्यावयाचें. 'मी गालिचा उचलून त्याच्याखालीं पाहतों', 'मी दारांत पीठ पसरून ठेवितों म्हणजे अदृश्य शत्रूचीं पावलें उमटतील', असें कांहींहि खेळणारानें म्हणावें आणि पंचानें क्षणभर विचार करून निकाल द्यावा. अर्थात् या काळचा मुख्य डावपेंच म्हणजे पंचास पटेल अशी युक्ति सुचविणें हा होता. यांत बुद्धीस वाव फार होता; पण पंच लहरी असेल तर अन्यायासहि तितकाच. गायगॅक्सनें १९७५ सालच्या एका खेळ-मेळाव्यासाठीं 'टूम ऑफ हॉरर्स' नांवाचें एक थडगें रचिलें. त्यांत लढाई जवळ जवळ नाहींच. पावलोपावलीं सांपळे मात्र आहेत, व एक चूक झाली कीं सोंग मेलें. भल्या भल्या बळवान् सोंगांचे अहंकार त्यांत जिरले. कोणी यास बुद्धीची कसोटी म्हणतात, कोणी पंचाची क्रूरता म्हणतात. आम्हांस दोन्ही म्हणणीं खरीं वाटतात.

इतक्यांत एक नवा पंच उदयास आला. त्यास ना राग, ना लोभ, ना झोंप. १९७५ च्याच सुमारास अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' नामक शैक्षणिक संगणकजाळ्यावर विद्यार्थ्यांनीं या खेळाच्या नकला उतरविण्यास आरंभ केला. त्यांतील एकाचें नांव 'पेडिट५' असें रुक्ष होतें, कारण खेळाचें नांव दिसलें असतें तर व्यवस्थापकांनीं तो तत्काळ पुसून टाकिला असता. आणि शेवटीं पुसलाच. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनीं 'रोग' रचिला. त्यांत प्रत्येक वेळीं भुयार नवें निघे, व मेलेलें सोंग पुन्हां उठत नसे. १९८१ सालीं अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांचा 'विझर्ड्री' आला. त्यांत एकच मनुष्य सहा सोंगें चालवी: तीन पुढच्या रांगेंत, तीन मागच्या, मागच्यांनीं हातघाईच्या लढाईंत पडावयाचें नाहीं. रांग कशी लावावी, कोणता मंत्र कोणत्या लढाईसाठीं राखावा, आणि परत फिरण्याइतकें बळ शिल्लक असतांनाच परत कसें फिरावें, हे त्याचे डावपेंच होते.

या यंत्ररूपी पंचाचे उपकार नाकारतां येत नाहींत. ज्यास चार मित्र नाहींत, जो भिडस्त आहे, ज्यास रात्रीं अकरा वाजतांच थोडी सवड मिळते, त्या सर्वांस या पंचानें खेळाचीं दारें उघडलीं, आणि सर्वांशीं तो सारख्या न्यायानें वागला. परंतु प्रशियांतील 'कडक' खेळाचा जो दोष होता तोच आतां शतपट होऊन परतला. यंत्रास युक्तिवाद ऐकूं येत नाहीं. दहा फुटांची कांठी निरुपयोगी झाली, कारण ती ठोकल्याचा आवाज कोणी लिहून ठेविला नव्हता. तह, लांच, थाप, विनवणी हीं सगळीं साधनें बहुतेक लोपलीं व उरलें काय, तर बेरीज-वजाबाकी. लढाई मोजणें यंत्रास सोपें, म्हणून बक्षीसहि मुख्यतः लढाईसच मिळूं लागलें. पूर्वीं जो खेळाडू लढाई टाळण्यांत भूषण मानी, त्याचाच मुलगा आतां एकाच माळावर चकरा मारीत क्षुद्र प्राण्यांस शेंकडोंनीं मारून गुण सांठवूं लागला. इंग्रजींत यास 'दळणें' या अर्थाचा शब्द आहे, व तो यथार्थ आहे. माणूस पालटला नव्हता. शाबासकीचें कारण तेवढें पालटलें होतें.

यंत्राच्या न्यायीपणास खेळाडूंनीं दिलेलें उत्तरहि मोठें बोधप्रद आहे. 'विझर्ड्री'मध्यें सोंगाचा मृत्यु संगणकाच्या चकतीवर कायमचा नोंदला जाई. म्हणून पुष्कळ जण लढाई बिघडते आहे असें दिसतांच यंत्र बंद करीत किंवा चकती उपसून काढीत, म्हणजे चित्रगुप्तानें लेखणी उचलण्यापूर्वींच वही पळवीत! समोर बसलेल्या मित्राच्या हातून पट हिसकावून घेण्याची लाज वाटली असती. यंत्राची लाज कोणास वाटणार? पंच माणूस नसला म्हणजे त्यास फसविणें हें पाप न वाटतां डावपेंचच वाटूं लागतें, ही गोष्ट आम्हांस खेळापुरतीच खरी वाटत नाहीं.

या स्थितीची चिंता करणारा एक मनुष्य खेळ रचणारांतच निघाला. रिचर्ड गॅरिअट याच्या 'अल्टिमा' मालेंतील पहिल्या खेळांत गांवकऱ्यांस लुटून व ठार मारूनहि जय मिळवितां येत असे. १९८५ सालच्या चौथ्या भागांत त्यानें शेवटचा राक्षसच काढून टाकिला व त्या जागीं आठ सद्गुणांची साधना ठेविली. जो आठहि गुणांत पूर्ण होईल तो 'अवतार' ठरे. आपला हा शब्द पाश्चात्त्य खेळांत रूढ होण्यास ज्या कृति कारण झाल्या त्यांपैकीं ही एक. या खेळांत एक आंधळी बाई मंत्राचें साहित्य विकते. पैसे किती दिले हें तिला दिसत नाहीं. किंमत ठरलेली असते, पण हातावर किती ठेवावयाचे तें गिऱ्हाइकाच्या मनावर. कमी दिले तर ती कांहीं बोलत नाहीं. फसवणूक पचली असें वाटतें. मात्र पडद्यामागें प्रामाणिकपणाचा आंकडा घटलेला असतो, आणि पुढें केव्हां तरी साधनेचा मार्ग अडतो. कल्पना उदात्त आहे यांत शंका नाहीं. पण येथेंहि शेवटीं आंकडाच! हें रहस्य फुटल्यावर खेळाडू आंधळीस पुरे पैसे देऊं लागले ते दयेनें कीं हिशोबानें, हें त्यांचें त्यांनाच ठाऊक.

जपानांत हें बीज निराळ्या मातींत रुजलें. 'विझर्ड्री' व 'अल्टिमा' यांवरून स्फूर्ति घेऊन यूजी होरी यानें १९८६ सालीं 'ड्रॅगन क्वेस्ट' रचिला व अवघड नियम सोपे करून तो घराघरांत नेला. पुढल्याच वर्षीं 'फायनल फँटसी' आला. या खेळांत चुकलेल्यास शिक्षा सौम्य, आणि चिकाटीनें बळ वाढविणारास यश निश्चित, असा साधारण क्रम असे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची घटना दुसरीकडे घडत होती. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रुबशॉ व रिचर्ड बार्टल यांनीं अनेकांनीं एकाच वेळीं एकाच कल्पित जगांत वावरावें असा खेळ रचिला. मग १९९९ मध्यें 'एव्हरक्वेस्ट' व २००४ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' यांनीं अशीं जगें लाखों लोकांनीं भरून टाकिलीं. यंत्र पंच राहिलें, परंतु त्याच्यापुढें आतां एकट्या माणसाऐवजीं समाज उभा राहिला.

या समाजानें यंत्राचा स्वभाव बारकाईनें ओळखिला. माणूस पंच असतां राक्षसाच्या डोक्यांत पंचाची बुद्धि असे. असा राक्षस चिलखती योद्ध्यास सोडून मागच्या दुबळ्या मांत्रिकावरच धांवला असता. यंत्रांतल्या राक्षसाचा राग मात्र नुसता आंकडा असतो. ज्याच्या नांवावर तो आंकडा अधिक, त्याच्यावर राक्षस तुटून पडतो. मग एका जाड चिलखताच्या गड्यानें राक्षसास डिवचून त्याचा राग स्वतःवर ओढून घ्यावा, दुसऱ्यानें मागून त्याच्या जखमा भरीत राहाव्या, आणि बाकीच्यांनीं शत्रूवर घाव घालावे, पण राग आपल्यावर वळेल इतके नव्हे, अशी तिहेरी वांटणी ठरून गेली. ती या खेळांचा जणूं घटनाकायदाच होऊन बसली. दुसरा एक डाव असा कीं शत्रूस दुरून मारावें, तो धांवून आला कीं मागें सरावें, व पुन्हां मारावें. इंग्रजींत यास 'पतंग उडविणें' म्हणतात, कारण राक्षस दोरीच्या टोंकास बांधल्यासारखा मागें मागें येतो. आमच्या वाचकांस येथें गनिमी काव्याची आठवण होईल. पण भेद मोठा आहे. गनिमी काव्यांत फसणारा शत्रु माणूस असतो; तो एकदां फसतो व शहाणा होतो, म्हणून काव्यास रोज नवी बुद्धि लागते. यंत्रांतला राक्षस हजारदां तसाच फसतो.

जेथें यंत्राचा न्याय पुरेना तेथें माणसांनीं स्वतःचे पंच निर्माण केले. मोठ्या राक्षसास मारावयास चाळीस चाळीस लोक लागत आणि त्याच्यापाशीं मोलाच्या वस्तु निघत दोन-तीन. त्या कोणास द्याव्या? 'एव्हरक्वेस्ट'च्या खेळाडूंनीं १९९९ मध्येंच एक वही घातली: जो मोहिमेस हजर राहील त्याच्या नांवें गुण जमा, जो वस्तु घेईल त्याच्या नांवें खर्च. हा नियम यंत्रानें दिलेला नव्हता. तंटे मिटविण्यासाठीं लोकांनीं तो आपण होऊन घातला. गांवच्या पाणीवाटपाचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

याच बार्टलनें १९९६ सालीं एक निबंध लिहून खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या व त्यांस पत्त्यांचे चार रंग दिले. चौकट म्हणजे धन व गुण सांठविणारे. इस्पिक म्हणजे कुदळीप्रमाणें जगाचा कानाकोपरा खणून पाहणारे. बदाम म्हणजे गप्पागोष्टी व स्नेह यांसाठीं येणारे. आणि किलवर म्हणजे सोटा घेऊन दुसऱ्या खेळाडूंस छळणारे. या जाती अगदीं काटेकोर मानूं नयेत. एकाच माणसाच्या हातांत चारहि रंगांचीं पानें असतात. तरी या वर्गीकरणाची सत्यता १९०५ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २००५ सालीं, एका विलक्षण प्रसंगानें पटली. त्या वर्षीं सप्टेंबरांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील हक्कार नांवाच्या एका राक्षसाचा संसर्गजन्य शाप त्याच्या मंदिरांतच राहावयाचा तो चुकून बाहेर पडला व त्या जगांतील शहरांत सांथीसारखा पसरला. चालकांनीं रोग्यांस वेगळें ठेवण्याचा प्रयत्न केला; तो फसला. अशा वेळीं यंत्राकडून कोणत्याहि वर्तनास बक्षीस नव्हतें. तरी कांहीं खेळाडू धांवून येऊन अनोळखी रोग्यांच्या जखमा भरीत राहिले. कांहीं शहर सोडून रानांत पळाले. कांहीं केवळ पाहण्यास आले आणि रोग घेऊन गेले. आणि कांहींनीं मुद्दाम गर्दींत शिरून रोग पसरविला. हें इतकें खऱ्या सांथीसारखें होतें कीं २००७ सालीं 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर एक शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला.

२००५ सालींच दुसऱ्या एका चित्रफितीनें जगास हंसविलें. एक टोळी दारापाशीं उभी राहून मोहिमेचा बेत अत्यंत गंभीरपणें ठरविते आहे. कोणी जगण्याचा संभव दशांशापर्यंत मोजून सांगतो आहे. इतक्यांत लिरॉय जेनकिन्स नांवाचें सोंग स्वतःच्या नांवाची आरोळी ठोकून एकटेंच आंत घुसतें, आणि मागोमाग सर्वांचा नाश होतो. हा प्रसंग मुद्दाम रचलेला होता, हें मागाहून उघड झालें. पण लोक इतके कां हंसले याचा विचार केला पाहिजे. दशांशापर्यंत मोजलेल्या शहाणपणाखालीं जे गुदमरत होते त्यांस त्या मूर्खाच्या आरोळींत मोकळा श्वास मिळाला, असें आम्हांस वाटतें.

अलीकडे मात्र एक उलटा प्रवाह दिसतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याच नियमांवर रचलेल्या 'बाल्डर्स गेट' या खेळाचा तिसरा भाग २०२३ सालीं बेल्जममधील लॅरिअन या मंडळीनें प्रसिद्ध केला. त्यांत पाळीपाळीनें खेळावयाची जुनी रीति परत आली आहे, व फांसा पडद्यावर डोळ्यांदेखत पडतो. पण खरी मौज पुढें आहे. शत्रूस कड्यावरून ढकलून द्यावें, पेट्या एकावर एक रचून भिंत ओलांडावी, प्रेताशीं बोलून गुपित काढावें, किंवा गोड बोलून लढाईच टाळावी. अशा पुष्कळ युक्त्यांस हें यंत्र होकार देतें. दहा फुटांची कांठी पुन्हां हातीं आल्यासारखें वाटतें. हा होकार यंत्राचा नव्हे, हें अर्थात् विसरतां कामा नये. खेळाडू काय काय करूं पाहील याची कल्पना करीत शेंकडों माणसें वर्षानुवर्षें बसलीं, व त्यांनीं प्रत्येक होकार आधींच लिहून ठेविला. पंच माणूसच आहे. फक्त तो खेळ सुरू होण्यापूर्वींच निकाल देऊन गेला आहे.

येथवरच्या इतिहासाचा मथितार्थ असा कीं, या खेळांतील डावपेंच खेळाडूच्या स्वभावांतून जितके निघतात तितकेच पंचाच्या स्वभावांतून निघतात. सोनें आणल्याची शाबासकी दिली तेव्हां माणसें सावध व मुत्सद्दी झालीं. मारल्याची दिली तेव्हां तींच माणसें दळण दळूं लागलीं. सद्गुणांचे गुण दिले तेव्हां सद्गुणांचाहि हिशोब मांडूं लागलीं. आणि कोणतीच शाबासकी नव्हती, त्या सांथीच्या दिवसांत, प्रत्येकाचा मूळ रंग उघडा पडला. आमच्या शाळा, परीक्षा व कचेऱ्या यांतहि कोणी तरी गुण देत असतो, आणि तेथेंहि माणसें गुण मिळतात तिकडेच वळतात; तेव्हां या खेळांस हंसण्याचा अधिकार आम्हां वडील मंडळीस कितपत आहे, याचा विचार ज्याचा त्यानेंच करावा.

असो. पडद्यापुढें बसलेल्या मुलास किती तास झाले हें विचारूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. जेवणाची वेळ झाली असेल तर अवश्य विचारावें. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: "या खेळांत गुण कशाचे मिळतात रे?" मूल क्षणभर थांबेल, मग उत्साहानें सांगूं लागेल. तें सांगून झालें म्हणजे हळूच पुढचा प्रश्न टाकावा: "आणि कोणी मोजीत नसतें, तर तूं काय केलें असतेंस?" या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि कोष्टकांत सांपडणार नाहीं. तें ऐकावयास एक माणूस समोर बसलेला लागतो. आणि जेवण थोडें निवलें तरी चालेल, पण तो माणूस आपण व्हावें.